हाताला काम, मनाला वाट

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळते, भाषणे होतात, गळ्यात हार पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मात्र जायचे कुठे, हा प्रश्न उभा राहतो. माझ्या दवाखान्यात येणारे साठीपुढचे बरेच पुरुष मला याच वळणावर भेटतात. तक्रारी ठरलेल्या असतात. झोप लागत नाही, पोट साफ होत नाही, छातीत धडधडते, जेवणावर वासना नाही. रक्त तपासावे, कार्डिओग्राम काढावा, तर पुष्कळदा सारे व्यवस्थित निघते. "घरात कुणाशी मोकळेपणाने बोलता का?" असे विचारले की उत्तर येते, "बोलायचे काय त्यात? सगळे ठीक आहे."

आपल्याकडच्या बायकांचे याबाबतीत थोडे बरे असते. उन्हाळ्यात पापड-कुरडयांसाठी शेजारणी जमतात. गोधडी शिवायला ओसरीवर दोघी-तिघी बसतात. हात चालू असतात, नजर कामावर असते आणि मनातले आपसूक बाहेर पडते. सुनेचे, जावयाचे, गुडघ्याचे, सगळेच. पुरुषाला मात्र समोर बसवून "बोला" म्हटले की त्याची दातखीळ बसते. मग पुरुषांनी काय करावे?

याचे एक उत्तर मला घरापासून फार दूर पाहायला मिळाले. मुलीकडे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात काही महिने राहण्याचा योग आला. कडाक्याची थंडी होती. शेजारचे गृहस्थ दर गुरुवारी संध्याकाळी गावातल्या अग्निशमन दलाच्या सभागृहात जात. एकदा ते मलाही घेऊन गेले. तिथे पंधरा-वीस माणसे लांब टेबलांभोवती बसून मासेमारीच्या काठ्या तयार करत होती. ज्याला आपण गळाची काठी म्हणतो, तीच. बाजारात तयार काठी सहज मिळते. तरीही ही मंडळी महिना-दीड महिना खपून आपली काठी आपणच बांधतात. एप्रिलमध्ये ट्राउट माशाचा हंगाम सुरू व्हायच्या आत ती पुरी करायची असते.

हा छंद त्या भागाला नवा नाही. याच राज्यातल्या ईस्टन गावी सॅम्युएल फिलिपी नावाचा बंदुका व व्हायोलिन बनवणारा कारागीर होता. बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या चिकटवून काठी करण्याची अमेरिकेतली सुरुवात १८४० च्या दशकात त्याने केली असे मानले जाते. पुढे त्रिकोणी छेदाच्या सहा पट्ट्यांची षटकोनी काठी रूढ झाली. आता बहुतेक जण कार्बन किंवा काचतंतूचा तयार दांडा विकत आणतात. त्यावर बुचाच्या चकत्या ओवून, चिकटवून, घासून मूठ करतात. मग दोरी जाण्यासाठीच्या लहान-मोठ्या कड्या दांड्यावर रेशमी किंवा नायलॉनच्या धाग्याने बांधतात. धाग्याचे वेढे एकमेकांना खेटून बसले पाहिजेत. गाठ कुठेही मारायची नाही, शेवटचे टोक वेढ्यांखालूनच ओढून घ्यायचे. त्यावर दोन भाग मिसळून केलेल्या इपॉक्सीचा लेप देतात. तो ओघळू नये म्हणून काठी छोट्या मोटरवर काही तास सावकाश फिरत ठेवावी लागते. घाई केली की काम बिघडलेच म्हणून समजा.

माझ्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ नातवासाठी काठी बांधत होते. त्यांची पत्नी चार महिन्यांपूर्वी गेली होती. अर्धा तास ते एक शब्द बोलले नाहीत. मग धाग्यावरची नजर न काढता पलीकडच्या माणसाला म्हणाले, "रक्तदाबाच्या गोळ्या तीच काढून द्यायची. आता घेतल्या की नाही, तेच आठवत नाही." पलीकडच्याने मानही वर केली नाही. "उद्या नऊला गाडी घेऊन येतो, डॉक्टरकडे जाऊ," एवढेच म्हणाला आणि आपल्या कामाला लागला. मी डॉक्टर आहे. माझ्या टेबलासमोर हे वाक्य त्यांच्या तोंडून निघाले असते का, याची मला शंकाच वाटते. चुकलेल्या गोळ्यांमुळे पक्षाघात होऊन आलेले रुग्ण मी पाहिले आहेत, म्हणून त्या दोन वाक्यांचे मोल मला कळले.

ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात वयस्क पुरुषांसाठी सुतारकामाच्या, दुरुस्तीच्या सामाईक शेड सुरू झाल्या, त्या याच अनुभवावर. पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात, असे तिथे म्हणतात. अमेरिकेत निवृत्त नौदल कॅप्टन एड निकल्सन यांनी २००५ साली वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांसाठी मासेमारीचा उपक्रम सुरू केला. त्यातही काठी बांधणे शिकवले जाते. बोटांना व्यायाम होतो आणि मनालाही गुंतायला जागा मिळते.

एकटेपणा ही केवळ मनाची कुरकुर नव्हे. जगातल्या दर सहा माणसांमागे एकाला तो जाणवतो आणि वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यूंशी त्याचा संबंध आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालातला अंदाज आहे. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, स्मरणशक्ती कमी होणे, या साऱ्यांचा धोका त्याने वाढतो.

आता हा छंद कुणाला करून पाहायचा असेल, किंवा इपॉक्सीचे कोणतेही काम घरी होत असेल, तर काही पथ्ये पाळावीत. इपॉक्सी वारंवार कातडीला लागले तर खाज, पुरळ सुरू होते, आणि एकदा ॲलर्जी झाली की ती सहसा जन्मभर राहते. म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालावेत आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. हाताला लागलेच तर थिनरने पुसू नये, साबण-पाण्याने धुवावे. बूच किंवा कार्बन घासताना नाका-तोंडावर योग्य मास्क हवा. दिवा चांगला असावा, चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा आणि दर वीस मिनिटांनी उठून मान-पाठ मोकळी करावी. मधुमेही मंडळींनी पात्याने कापलेली लहान जखमही अंगावर काढू नये. आणखी एक, कार्बनच्या काठीतून वीज वाहते. विजेच्या तारांखाली किंवा ढग गडगडत असताना ती हाती धरू नये.

गळाची काठीच केली पाहिजे असे मात्र मुळीच नाही. कोकणात गरवायला जाणाऱ्यांना ती जवळची वाटेल. इतरांनी आकाशकंदील करावेत, शाळेची मोडकी बाके दुरुस्त करावीत, खुर्च्या वेताने विणाव्यात, सायकली नीट कराव्यात. ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत वर्तमानपत्राशेजारी एक मोठे टेबल आणि हत्यारांची पेटी ठेवली तरी सुरुवात होईल. तीन अटी मात्र सांभाळा. काम हाताचे असावे, ते चार जणांत बसून करावे आणि त्याचा वार ठरलेला असावा. वार ठरलेला असला की कोण आले नाही ते लगेच कळते, आणि त्याच्या घरी कुणीतरी चौकशीला जाते.

छंद औषधाची जागा घेत नाही, हेही ध्यानात ठेवा. चालू गोळ्या बंद करू नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जगणे नकोसे वाटत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला देते.

आणि तुमच्या गल्लीत नुकताच कुणी निवृत्त झाला असेल, किंवा कुणाची जोडीदारीण गेली असेल, तर "कसे आहात?" एवढेच विचारून पुढे जाऊ नका. "जरा हे धरू लागता का?" असे म्हणून त्यांना कामाला बोलवा.