साखर ओळखणाऱ्या इन्सुलिनचा शोध

निरोगी स्वादुपिंडातील बीटा पेशी रक्तातील साखर जोखतात आणि त्या प्रमाणात इन्सुलिनही सोडतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात प्रतिकारयंत्रणाच या पेशी नष्ट करते, तेव्हा जोखण्याचे काम ग्लुकोमीटरकडे, सोडण्याचे सुईकडे आणि दोहोंमधला हिशेब रुग्णाकडे जातो. हा हिशेब औषधानेच करावा, या कल्पनेला १९७९ मध्ये मायकेल ब्राउनली आणि अँथनी सेरामी यांनी प्रयोगाचे रूप दिले. अबईच्या कुळातील एका शेंगेच्या दाण्यांत कॉनकॅनाव्हॅलिन ए हे साखरेला चिकटणारे प्रथिन असते. त्याला त्यांनी शर्करायुक्त इन्सुलिन बांधले, जेणेकरून ग्लुकोज वाढताच ते प्रथिनावरील जागा बळकावेल आणि इन्सुलिन सुटे होईल. युक्ती देखणी होती, परंतु हे प्रथिन शरीराला घातक ठरण्याची भीती तिच्या आड आली.

दुसरी वाट ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराची, म्हणजे एन्झाइमची. ते ग्लुकोजचे ग्लुकॉनिक आम्ल करते, त्यामुळे भोवतालची आम्लता वाढते आणि तिला प्रतिसाद देणारे जेल फुगून आतले इन्सुलिन झिरपू लागते. या क्रियेत ऑक्सिजन खर्च होतो, आणि त्वचेखाली तो मुळातच बेताचा. झेन गू यांच्या गटाने २०१५ मध्ये मात्र ही उणीवच कामाला लावली आणि ऑक्सिजन घटताच फुटणारे इन्सुलिनचे सूक्ष्म कोश बारीक सुयांच्या पट्टीत भरून मधुमेही उंदरांवर वापरले. तिसरी वाट विकराची गरज नसलेल्या फेनिलबोरॉनिक आम्लाची: ते ग्लुकोजशी बांधले जाते आणि सुटतेही, पण फ्रुक्टोजलाही ते तितक्याच, किंबहुना अधिक आपुलकीने धरते.

खरी कसोटी सोडण्याची नसून थांबण्याची आहे. साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू लागली तरी एकदा रक्तात मिसळलेले इन्सुलिन परत बोलावता येत नाही, म्हणून प्रतिसादाला झालेला उशीर येथे केवळ गैरसोय राहत नाही, तो जिवावर बेतू शकतो. त्यातच असे इन्सुलिन त्वचेखाली रोपण करून ठेवले, तर शरीर त्या रोपणाला परके समजून त्याभोवती तंतुमय आवरण विणते, ग्लुकोज आत पोहोचण्यास वेळ लागतो, आणि शरीराच्या उष्णतेत दीर्घकाळ साठवलेल्या इन्सुलिनचे रेणू गुठळून निकामी होऊ लागतात.

व्यवहारात यश मिळाले ते कामांची फारकत करणाऱ्या यंत्रांना: दंडाच्या त्वचेखाली बसवायचा एव्हरसेन्स संवेदक २०२४ मध्ये अमेरिकेत वर्षभराच्या वापरासाठी मंजूर झाला, पण तो साखर फक्त मोजतो, इन्सुलिन अजून शरीराबाहेरच्या पंपातून किंवा सुईनेच द्यावे लागते.