आवाजाचे दप्तर

नागपूरच्या ईशान्येस, कन्हान नदीकाठच्या कामठी छावणीत १९४२ साली महार रेजिमेंटची दुसरी पलटण उभी राहिली, तेव्हा तिच्यामागे अवहेलनेचा दीर्घ इतिहास होता. १८१८ साली कोरेगावच्या लढाईत लढलेल्या महार समाजाला, लढाऊ जातींच्या सिद्धान्ताचा आधार घेऊन, इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लष्करभरतीतून वगळले. महायुद्धाची निकड भासताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ साली तीही मोडीत काढली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आग्रहानंतर १९४१ साली बेळगावात रेजिमेंट उभी राहिली. कामठीच्या पलटणीने ब्रह्मदेशाच्या मोहिमेत भाग घेतला, आणि १९४६ साली मशीनगन रेजिमेंट म्हणून पुनर्रचना होताना महार रेजिमेंटचे केंद्र कामठीसच स्थापन झाले.

नेमणुका, बदल्या, पदके आणि मृतांची नावे लष्करी दप्तरात सापडतात; परंतु मनिऑर्डर येईपर्यंत घर कसे चालले, गणवेशातला जवान रजेवर गावी आला तेव्हा पाणवठ्यावर त्याला कोणती वागणूक मिळाली, यासाठी त्या दप्तरात रकाना नसतो. नागपूरच्या महार वस्तीचे जीवन वसंत मून यांनी ‘वस्ती’ या आत्मचरित्रात लिहून ठेवले; पण ज्यांच्या हाती लेखणी आली नाही, त्यांच्यासाठी पॉडकास्ट हे साधन विशेष मोलाचे आहे. त्याला छापखाना लागत नाही, प्रसारणाची ठरलेली वेळ लागत नाही, आणि सांगणाऱ्या आजीची नागपुरी बोली, तिचे हेल, तिचे मध्येच थबकणे हे सारे प्रमाणभाषेच्या साच्यात न घालता श्रोत्यापर्यंत पोहोचते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात, युद्धाच्या सावटाखाली, अंदाजे तीस लाख माणसे मेली. त्यातून वाचलेल्यांच्या साक्षी कविता पुरी यांनी २०२४ साली बीबीसीच्या ‘थ्री मिलियन’ या पॉडकास्ट मालिकेत ऐकवल्या, तेव्हा या माध्यमाचे सामर्थ्य जगाला दिसले.

हे काम मात्र संयमाचे आहे. थेट सनावळी विचारली की वृद्ध माणूस बिचकतो. पेटीतले पदक किंवा पलटणीतून सुटल्याचा कागद त्याच्या हाती दिला, की स्मृती आपल्या क्रमाने बोलू लागते. त्या सांगण्याची सरकारी नोंदींशी पडताळणी करावी, आणि दोहोंत तफावत आढळल्यास दोन्ही श्रोत्यांसमोर ठेवावे. शिवाय, तीन तासांच्या कथनातून अर्ध्या तासाचा भाग प्रसारित झाला, म्हणजे इतिहास जतन झाला असे नव्हे; न कापलेले मूळ ध्वनिमुद्रण, सांगणाऱ्याची लेखी संमती, गाव, पलटण आणि तारीख यांसह ग्रंथालयात सुरक्षित राहिले, तरच उद्याच्या अभ्यासकाला आजच्या संपादकाची निवड तपासता येईल.

१९४२ साली अठरा वर्षांचा असलेला जवान आज हयात असल्यास त्याने शंभरी ओलांडली आहे, आणि त्याची मुलेही उतारवयात आहेत. म्हणून नागपूरच्या विद्यापीठाने आणि ग्रंथालयांनी या ध्वनिमुद्रणांची जबाबदारी आताच आपल्याकडे घ्यावी. ज्यांनी देशाच्या लष्करात समान स्थान मिळवण्यासाठी दोनदा झगडा केला, त्यांच्या कुटुंबांना इतिहासातील स्थानासाठी तिसऱ्यांदा अर्जविनंत्या कराव्या लागू नयेत.