स्वमग्न मुलें आणि संगीताची साथ

बॉल्टिमोर येथील बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर ह्यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. आठ मुलगे आणि तीन मुली. हीं मुलें माणसांत असून माणसांत नव्हतीं. हांक मारली तरी वळून पाहात नसत, आणि नेहमींच्या क्रमांत तिळमात्र फरक झाला तरी आकांत करीत. त्या स्थितीला मराठींत आतां स्वमग्नता म्हणतात. कॅनर ह्यांच्या निबंधांत एक तपशील असा आहे कीं, वाचतांना थबकावें लागतें. चार्ल्स ह्या नांवानें वर्णिलेल्या मुलाची आई सांगते कीं, दीड वर्षाच्या वयांत त्याला अठरा सिंफनी वेगवेगळ्या ओळखतां येत. तबकडीवर पहिला भाग सुरू झाला कीं तो रचनाकार ओळखी. दुसरा एक मुलगा वर्षाचा असतांनाच अनेक चाली बिनचूक गुणगुणत असे. शब्दहि ह्या दोघांना येत होते; पण ते कोणाशीं बोलण्यासाठीं वापरणें त्यांना साधत नव्हतें.

ह्यावरून प्रत्येक स्वमग्न मूल जन्मतः गवई असतें असें समजूं नये. स्वमग्नतेचीं रूपें फार भिन्न आहेत. कित्येक मुलांना आवाजाचाच जाच होतो; मिक्सरची घरघर, कुकरची शिटी, गणेशोत्सवांतील ढोलताशे ऐकतांच तीं कानांवर हात घेऊन कोपऱ्यांत दडतात. खरी गोष्ट एवढीच कीं, ज्यांना बोलण्याचा मार्ग बिकट वाटतो त्यांच्यापैकीं अनेकांना सुरांचा मार्ग त्या मानानें सोपा जातो. संभाषणांत चेहरा, शब्द, हावभाव, मागचा संदर्भ हें सारें एका क्षणांत उलगडावें लागतें, आणि समोरचा माणूस पुढें काय म्हणेल ह्याचा नेम नसतो. गाण्याची चाल मात्र पुन्हां पुन्हां त्याच वाटेनें जाते. ज्या मुलाला अनिश्चिततेचें भय वाटतें त्याला हा मोठाच आधार.

ह्या आधारावर उपचाराची पद्धति उभी करणाऱ्यांत अमेरिकन संगीतरचनाकार पॉल नॉर्डॉफ आणि इंग्रज शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स ही जोडी अग्रगण्य होय. इंग्लंडांत वूस्टरशायर परगण्यांतील सनफील्ड ह्या मुलांच्या संस्थेंत १९५९ सालीं दोघांचें काम एकत्र सुरू झालें. पुढें अमेरिकेंत त्यांच्याकडे एडवर्ड नांवाचा सुमारें साडेपांच वर्षांचा मुलगा आला. त्याची हकीकत त्यांच्या १९७७ सालच्या ग्रंथांत सविस्तर दिली आहे. हा मुलगा पहिल्या बैठकींत किंचाळत होता, रडत होता. एरवीं कोणीहि त्याला आधीं गप्प करूं पाहिलें असतें. पियानोवर बसलेल्या नॉर्डॉफ ह्यांनीं त्या किंकाळीचाच स्वर पकडला आणि तिच्या जोडीनें वाजवूं लागले. हळूहळू मुलाच्या रडण्याचे स्वर पियानोच्या स्वरांशीं जुळूं लागले. म्हणजे तें रडतां रडतां ऐकत होतें! पुढील कांहीं बैठकींत किंकाळीच्या जागीं गाण्यासारखी बडबड आली, आणि त्या बडबडीला गाऊन उत्तर देणारें माणूस समोर होतें.

हें समजावयास मराठी घरांत मैफलीचा दाखला पुरे. गवई तान घेतो, तबलजी आणि पेटीवाला त्याच्या मागोमाग जातात. गवई रेंगाळला तर तेहि रेंगाळतात. संगीतोपचारांत गवयाची बैठक मुलाची, साथीदाराची उपचारकाची. मुलानें डफावर एक थाप मारली कीं तिला उत्तर मिळतें. दोन मारल्या तर दोन. कांहीं वेळानें मुलाच्या ध्यानांत येतें कीं, आपण केलें म्हणून तिकडे कांहीं घडलें. मग उपचारक मुद्दाम खोडी काढतो. ओळखीची चाल समेपर्यंत आणतो आणि सम सोडून थांबतो. ती रिकामी जागा मुलाला बोंचते. कधीं तें थाप मारून ती भरतें, कधीं तोंडानें स्वर काढतें, कधीं नुसती मान वर करून साथीदाराकडे पाहतें. ह्या एका पाहण्यासाठीं कित्येक आठवडे खर्ची पडलेले असतात. येथें चुकीचा स्वर असा नसतोच. म्हणून ही गाण्याची शिकवणी नव्हे. आणि गाणें लावून मूल शेजारीं बसविणें हाहि संगीतोपचार नव्हे, कारण यंत्र मुलासाठीं थांबत नाहीं.

आईबापांचा प्रश्न मात्र सरळ असतो: ह्यानें आमचें मूल माणसांत येईल काय, बोलूं लागेल काय? ह्या उपचाराची एक मोठी कसोटी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. नऊ देशांतील चार ते सात वर्षांचीं ३६४ मुलें तींत होतीं. निम्म्यांना नेहमींच्या उपचारांच्या जोडीला पांच महिने संगीतोपचार मिळाला, निम्म्यांना नाहीं. कोणतें मूल कोणत्या गटांतलें हें परीक्षकांना ठाऊक नव्हतें. दोन्ही गट थोडे सुधारले होते. परंतु सामाजिक वर्तणुकीच्या मोजमापांत त्यांच्यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं.

हा निकाल कडू आहे. बैठकीच्या खोलींत जें उमलतें तें परीक्षकांच्या तक्त्यांत मावत नाहीं, असें ह्यावर म्हणतां येईल, आणि त्यांत तथ्यहि आहे. पण गंडेदोरे देणाराहि हेंच म्हणूं शकतो, तेव्हां एवढ्यावर विसंबतां येत नाहीं. २०२२ सालीं कॉक्रेनच्या आढाव्यांत २६ अभ्यास आणि १,१६५ व्यक्ति विचारांत घेतल्या गेल्या. एकंदर सुधारणा, लक्षणांची तीव्रता आणि जीवनमान ह्यांत संगीतोपचाराचा बहुधा लाभ होतो असें त्यांत निघालें. बोलणें व सामाजिक व्यवहार ह्यांत उपचार संपतांच पाहिलें असतां स्पष्ट फरक दिसला नाहीं. माँट्रियल येथील ५१ मुलांच्या लहानशा अभ्यासांत मात्र (तो २०१८ चा) ८ ते १२ आठवड्यांनंतर संवादकौशल्य वाढलेलें आढळलें, आणि मेंदूंतील श्रवणाच्या व हालचालींच्या भागांमधील जोडणीहि अधिक बळकट दिसली.

तेव्हां वाचा फुटण्याचें वचन कोणी देऊं लागला तर त्याचा जिना उतरावा हें बरें. शाळा आणि भाषेचे उपचार बंद करा म्हणणाऱ्याचा तर चढूंच नये. उपचारक पारखावयाचा असेल तर मुलानें टिपरी फेंकून दिली असतां तो काय करतो तें पाहावें. जो ती उचलून पुन्हां मुलाच्या मुठींत कोंबतो तो शिकवणी घेत आहे. जो टिपरी पडल्याचा आवाज ऐकून त्याच लयींत पुढें वाजवतो त्याला हें काम कळलें आहे.

अशा बैठकींचा शेवट पुष्कळदां निरोपाच्या गाण्यानें करतात. चाल दर वेळीं तीच. मुलाचें नांव गुंफलेली शेवटची ओळ अर्ध्यावर येते आणि वाद्य थांबतें. एखाद्या दिवशीं मूल ती पुरी करतें. एखाद्या दिवशीं चपला घालून दाराकडे चालूं लागतें, आणि उपचारकाला ती एकट्यानेंच पुरी करावी लागते.