वंशशोध : चर्चची वही आणि डीएनए

गोव्यातील ख्रिस्ती घराण्याचा पूर्ववृत्तान्त शोधू जाता आडनाव फारसे साहाय्य करीत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी अनेकांनी धर्मपित्याचेच पोर्तुगीज आडनाव स्वीकारले. त्यामुळे एका आडनावाची दोन घरे सगोत्र असतीलच असे नव्हे. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहाची नोंद ठेवणे पाद्र्यांवर बंधनकारक केले. बाप्तिस्म्याच्या वहीत मातापित्यांची नावे सापडतात. पण पाने वाळवीने खाल्ली, की धागा तुटला! तेथे डीएनए-चाचणी कामी येते. वाय गुणसूत्र पित्याकडून केवळ पुत्रास मिळते. सबब दोन्ही घरांतील पुरुषांची तुलना केल्यास पितृवंश एक की भिन्न, याचा अंदाज येतो. पूर्वजाचे नाव मात्र वहीतच शोधावे लागते. पाळलेल्या मुलाच्या वंशात वही एक सांगेल, चाचणी दुसरेच. विद्यार्थ्यांना हा प्रयोग सुचविणाऱ्या शिक्षकांनी हे आधीच ध्यानी घ्यावे.