भोंगा गेला, वेळ कोणाची?

भवानी पेठेतील विणकरांच्या घरी घड्याळ ही चैन होती, तेव्हा गिरणीचा भोंगा हेच सोलापूरचे घड्याळ होते. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीचा भोंगा दोन मिनिटे चुकला, तरी त्या चुकीचा भार कोणा एकावर पडत नसे. कारण तो साऱ्या गावाला एकदमच ऐकू येई.

आज भोंगे थंडावले आहेत. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीचा अर्ज पेठेतील एका केंद्रात भरला. मुदत रात्री बाराची; समोरचा संगणक पाच मिनिटे बाकी दाखवीत होता. अर्ज मात्र नाकारला गेला. केंद्रातील घड्याळ सात मिनिटे मागे होते!

संगणकाचे घड्याळ स्फटिकाच्या कंपनांवर चालते. तापमान बदलले की त्याची गती किंचित बदलते आणि सेकंदांची चूक साठत जाते. यावर अमेरिकेतील डेव्हिड मिल्स यांनी १९८५ च्या सुमारास शोधलेली तोड सोपी आहे. संगणक दूरच्या अचूक घड्याळाला वेळ विचारतो, जाण्यायेण्यास लागलेला काळ मोजतो, त्याचा निम्मा हिशेबात धरून स्वतःला दुरुस्त करतो. यास खर्च जवळजवळ नाही; लागते ती कोणाची तरी जबाबदारी.

१ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ तेथील नगरपालिकेने पुढे अनेक वर्षे सोडली नाही. तेव्हा वाद कोणती वेळ खरी हा होता. आज तो उरलेला नाही. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांवर प्रमाणवेळ राखते. प्रश्न ती पेठेपर्यंत पोचविण्याचा आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये केंद्राने संस्थांना व कंपन्यांना आपली संगणकीय घड्याळे सरकारी वेळेशी जुळवून ठेवण्याचा आदेश दिला. २०२५ च्या जानेवारीत प्रमाणवेळेच्या नियमांचा मसुदाही प्रसिद्ध झाला.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत अचूक वेळ ही सार्वजनिक वस्तू होय: एकाने वापरली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही. चुकीच्या वेळेचा भुर्दंड मात्र ज्याच्या घरी संगणक नाही त्यालाच बसतो. भाजीवाल्याच्या वजनावर सरकारी शिक्का लागतो. अर्जकेंद्राच्या घड्याळाची तपासणी कोणी करीत नाही. निदान प्रत्येक सरकारी अर्जावर स्वीकारणाऱ्या यंत्राचीच वेळ ठळक दिसावी आणि मुदतीनंतर दहा मिनिटांची सवलत असावी.

भोंगा कर्कश होता खरा. पण तो मालकाला व मजुराला एकच वेळ सांगत असे.