पट्ट्यांची बेरीज

गणिताशी माझा संबंध शाळेतच संपला. पुढे बी.ए. झालो, कविता करीत राहिलो. पण मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेली आणि एका रात्री वही मिटून म्हणाली, "अब्बा, इंटिग्रेशन मला जमणार नाही. सूत्रं पाठ आहेत. पण आपण नेमकं काय करतोय, तेच कळत नाही." विषय सोडायच्या गोष्टी ती बोलू लागली. मी म्हटले, "मला शिकव. मला कळेल तोवर तुलाही कळेल."

सूत्रे बाजूला ठेवली. समजा, ओढ्याकाठी शेत आहे. तीन बाजू सरळ, चौथी वळणाची. क्षेत्रफळ कसे काढाल? अरुंद पट्ट्या पाडाव्यात आणि त्यांची बेरीज करावी. समाकलन ते हेच. लायब्निट्‌झने १६७५ मध्ये त्याचे चिन्ह योजले, तेही बेरजेच्या लॅटिन शब्दातला 'एस' लांबवूनच. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथमने असेच तुकडे बेरजेला घेऊन वक्र पृष्ठाच्या घनाकृतीचे घनफळ काढले होते.

आम्ही आलेखाच्या कागदावर 'य बरोबर क्ष वर्ग' ही वक्ररेषा शून्यापासून एकपर्यंत काढली. खाली दहा पट्ट्या पाडल्या. रेषेच्या आत ठेवल्या तर बेरीज ०.२८५, वर डोकावू दिल्या तर ०.३८५. शंभर पट्ट्यांना हेच आकडे ०.३२८३५ आणि ०.३३८३५ होतात. पट्ट्या वाढवत जा. खरे उत्तर या चिमटीत सापडते : एक तृतीयांश.

पण दर वेळी इतक्या पट्ट्या कोण मोजणार? इथे सूत्र कामाला येते. रेषेखालचे क्षेत्रफळ डावीकडून भरत न्या. ज्या जागी रेषा जितकी उंच, तिथे ते तितक्या वेगाने वाढते. म्हणून अवकलनाची उलट वाट धरायची. क्ष घन भागिले तीन, याचे अवकलन क्ष वर्ग. त्यात क्षच्या जागी एक घातला की तेच एक तृतीयांश!

आणि शेवटी लिहायचा तो 'अधिक सी'? वेगावरून गाडी किती धावली ते कळते. ती कुठून निघाली ते कळत नाही. ते वेगळे सांगावे लागते, तो हा 'सी'.

मुलीने विषय सोडला नाही. परीक्षेत एकदा 'सी' राहिला, गुण गेला. घरी येऊन म्हणाली, "अब्बा, गाडी कुठून निघाली ते सांगायचं राहिलं." गुण गेल्याचे मला वाईट वाटले नाही.