लिटर नंतर, आधी किलोवॅट

जानेवारीतली नाशिकची सकाळ. नव्या घरात आम्ही हौसेने तीन लिटरचा इन्स्टंट गिझर बसवला होता. नळ पूर्ण सोडला की पाणी जेमतेम कोमट, बारीक केला की गरम, पण धार करंगळीएवढी. बादली भरेपर्यंत बाबा पंचा गुंडाळून कुडकुडत उभे. गिझरमध्ये काही बिघाड नव्हता. चूक आमच्या निवडीत होती.

दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘किती लिटरचा दाखवू?’ इन्स्टंटच्या बाबतीत या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. तिथे बघायचे ते किलोवॅट. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. तीन किलोवॅटची कॉइल मिनिटाला साधारण 43 किलोकॅलरी देते. नळाचं पाणी 15 अंश असेल आणि अंघोळीला 40 अंशांचं हवं असेल, तर मिनिटाला पावणेदोन लिटरच मिळणार. म्हणजे 15 लिटरच्या बादलीला जवळजवळ नऊ मिनिटं. मुंबईत नळालाच 25 अंशांचं पाणी येत असेल, तर तीच बादली पाच-सव्वापाच मिनिटांत भरते. म्हणूनच मुंबईच्या मावशीने वाखाणलेला गिझर नाशिकला रडवतो. शॉवरला तर मिनिटाला सहा-सात लिटर सहज लागतात. त्यासाठी दहा-बारा किलोवॅट हवेत, आणि आपल्या घरातल्या नेहमीच्या सॉकेटवर ते शक्यच नाही. परदेशात टाकीशिवायचे गिझर शॉवरला पुरतात, कारण ते गॅसवर किंवा याहून कितीतरी मोठ्या वीजजोडणीवर चालतात.

स्टोरेज गिझर हीच उष्णता आधी साठवून ठेवतो. 15 लिटरची टाकी, दोन किलोवॅटची कॉइल: 15 अंशांचं पाणी 60 पर्यंत न्यायला सुमारे 24 मिनिटं आणि पाऊण युनिटाहून थोडी जास्त वीज. त्यात गार पाणी मिसळलं की अंघोळीचं सुमारे 27 लिटर पाणी होतं. तेवढंच पाणी इन्स्टंटने तापवलं तरी वीज तेवढीच लागते. ‘इन्स्टंट वीज वाचवतो’ हे तेवढ्यापुरतंच खरं, की टाकीत उरलेलं पाणी गार होताना जी उष्णता वाया जाते ती तिथे वाचते. स्टोरेज गिझरवरचे तारे याच गळतीचे असतात. जास्त तारे म्हणजे टाकीचं आवरण चांगलं. अंघोळीआधी अर्धा तास चालू केला आणि नंतर आठवणीने बंद केला, तर हा तोटा फारसा उरत नाही.

बोअरचं पाणी असेल तर आणखी एक गोष्ट. एकदा मेकॅनिकने आमच्या ओळखीच्यांकडचा स्टोरेज गिझर उघडला. कॉइलवर क्षारांचा पांढरा जाड थर, पेचकसाने टोचला की खपल्या निघत होत्या. शेजारची मॅग्नेशियमची कांडी झिजून काडी झाली होती. टाकीला गंज लागू नये म्हणून स्वतः झिजणं हेच तिचं काम, पण ती संपल्यावर टाकीची पाळी येते. वर्षातून एकदा टाकी उघडून बघायलाच हवी.

माझा कौल असा: स्वयंपाकघराच्या सिंकला, किंवा कोकणपट्टीत बादलीने अंघोळ करणाऱ्या एक-दोन माणसांना इन्स्टंट पुरे. घाटावर, शॉवर असेल, घरात म्हातारी माणसं असतील, एकामागून एक अंघोळी होत असतील, तर स्टोरेजच घ्या. चौघांच्या घराला 25 लिटरचा. दोन्हींना 16 अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र वायर आणि नीट अर्थिंग हवंच.

भरपूर पाणी झटपट देतो म्हणून अनेक घरांत गॅस गिझर येतो. तोही टाकीशिवायचाच. पण बंद न्हाणीघरात त्याच्या ज्वाळेला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, आणि आत अंघोळ करणाऱ्याला कळायच्या आत शुद्ध हरपते. यात माणसं दगावली आहेत. तुमच्याकडे तो न्हाणीघराच्या आत लावलेला असेल, तर आजच बंद करा आणि बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्या.